सिलोनचं प्रस्थान

मी अठरा वर्षं सोलापुरातल्या एका हायस्कुलात समुद्र शिकवत होतो, आणि त्या अठरा वर्षांत तो मी पाहिला आहे का, असं मला कोणी विचारलं नव्हतं. समुद्राबरोबर मी डोंगर, वारे, खनिजं आणि ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्याही शिकवत असे. मेंढ्यांच्या बाबतीत माझी बाजू भक्कम होती, कारण त्या आमच्या शाळेवरून रोज जातात. समुद्र जात नाही.

एका मार्चात इन्स्पेक्टरसाहेब वार्षिक तपासणीला आले. मी फळ्यावर हिंदी महासागर काढला होता. काढला होता म्हणजे हिंदुस्थान काढून झाल्यावर फळ्याची जी जागा उरली, तिच्यात तसं लिहिलं होतं. साहेब बराच वेळ त्या मोकळ्या जागेकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "मास्तर, तुम्ही समुद्र पाहिला आहे का?"

चाळीस मुलांनी माना माझ्याकडे वळवल्या. माझ्या तासाला ही मुलं इतकी एकचित्त कधीच नसतात. मी म्हणालो, "नाही, साहेब." साहेब "हं" म्हणाले आणि त्यांनी खिशातली वही काढून तिच्यात काहीतरी लिहिलं.

तो "हं" माझ्या घशात अडकून बसला. जेवताना आमटीचा भुरका मारला की आठवायचा. फळ्यावर निळा खडू टेकवला की आठवायचा. इन्स्पेक्टर दर मार्चात येतात, म्हणजे माझ्या हातात बरोबर एक वर्ष होतं. त्या वर्षात समुद्र पाहायचा आणि पुढच्या तपासणीला त्याच फळ्याजवळ उभं राहून तो पाहिल्याचं सांगायचं, असं मी ठरवलं.

आमच्या मंडळींनी, म्हणजे गोजाबाईंनी, मुंबईचं नाव सुचवलं. "गाडीत बसलं की दुसऱ्या दिशी मुंबई. समुद्र बी तितंच हाय. मुंबई आसल तर मला बी येता येईल की."

मी तिला समजावून सांगितलं की मुंबईचा समुद्र आमच्या गिरण्यांतले बदली कामगारसुद्धा पाहून येतात. माझ्या झालेल्या अपमानाला इतका जवळचा समुद्र पुरला नसता. शिवाय भूगोलाच्या शिक्षकानं समुद्र नुसता पाहायचा नसतो, ओलांडायचा असतो. मी सिलोन नक्की केलं. सिलोन मी इतक्या वेळा काढलं होतं की डोळे मिटून काढू शकत होतो. मुलांच्या मते मी तसंच काढत होतो. नाताळची सुटी आणि तिला जोडून पाच दिवसांची रजा एवढ्यात कोलंबो, कँडी आणि गॉल अशी तीन शहरं करून परत यायचं होतं.

रजेचा अर्ज घेऊन मी हेडमास्तरांकडे गेलो. ते म्हणाले, "परदेशी जायचं तर खात्याची परवानगी लागते. देशातल्या देशात जायचं तर माझी पुरते. सिलोन कुठे येतं?"

"हिंदुस्थानच्या दक्षिणेला," मी म्हणालो.

"ते दिशेनं झालं. कायद्यानं कुठे येतं?"

हे मला ठाऊक नव्हतं. मी खात्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं सांगितलं की सिलोन परदेश असेल तर त्याचा फॉर्म पलीकडच्या टेबलावर मिळतो आणि नसेल तर इथे येण्याचं कारण नव्हतं. पलीकडच्या टेबलावर एक दौत होती. टेबलाचे मालक हुरडा खायला गावी गेले होते. आठवड्यानं ते परतले आणि त्यांनी विचारलं की सिलोन परदेश असल्याबद्दल जाणकार माणसाचा दाखला आणला आहे का. मी परत हेडमास्तरांकडे आलो. ते म्हणाले, "भूगोलातले जाणकार आपल्या शाळेत तुम्हीच. द्या लिहून."

मी लिहून दिलं. 'दाखला देतो की अर्जदाराने ज्या मुलुखी जाण्याचे योजिले आहे तो मुलूख परदेश आहे.' वर अर्जदार म्हणून माझी सही, खाली जाणकार म्हणून माझी सही. कचेरीनं शेरा मारला की अर्जदार व जाणकार यांची हस्ताक्षरं संशयास्पदरीत्या जुळतात, सबब कागद पुण्यास पाठवण्यात येत आहे.

आमच्या उत्तरेला आण्णा राहतात. ते निवृत्त शिरस्तेदार आहेत. तीस वर्षं लोकांचे अर्ज परत पाठवल्यामुळे अर्ज कसा लिहावा याचं त्यांना फार चांगलं ज्ञान आहे. ते म्हणाले, "मास्तर, कागद पुण्याला गेला ना? आता तुमचं काम संपलं. कागद बाहेर आहे तोवर तुम्हाला कोणी नाही म्हणू शकत नाही. बेलाशक निघा." अठरा वर्षांत इतका आनंददायक कायदा मी ऐकला नव्हता.

आता प्रवासाचं. माझा मेहुणा बाळासो कुर्डुवाडीला गार्ड आहे. कुर्डुवाडी जंक्शन असल्यामुळे जी गावं जंक्शन नाहीत त्यांच्याबद्दल त्याला मनापासून वाईट वाटतं. वेळापत्रकांची चळत घेऊन तो सुटीच्या दिवशी आला आणि पाटावर बसता बसता म्हणाला, "दाजी, मद्रास मेलनं थेट मद्रासला उतरायचं. मधी रायचूरला लोक चहाला खाली उतरतेत. तुमी उतरायचं न्हाई. गुंतकल्लला बी न्हाई. मद्रासला दुसऱ्या ठेसनावर जायचं, तितनं धनुष्कोडी, मग बोट. बोटीचं मला काय इचारू नका. त्याला रूळ नसतेत."

"आणि कोलंबोहून कँडी?"

"क्यांडी जंक्शन हाय का?"

"नसावं."

"मग कशाला जायचं?" बाळासो म्हणाला. उतरण्याच्या जागेबद्दलही त्याचं मत ठाम होतं. "लॉज कशाला? वेटिंग रूम असती की. पंखा असतो, आरामखुर्ची असती, आन् गाडी चुकत न्हाई."

मी सगळ्या गाड्यांचा एक तक्ता केला. तीन रंगांच्या शाया वापरल्या. गाडी, वेळ, बदल, जेवण, मुक्काम, पाहण्याची स्थळं आणि संकीर्ण असे सात रकाने पाडले. खळीनं पुठ्ठ्यावर चिकटवून तो माजघरात टांगला. आल्यागेल्याला मी छडीनं मार्ग दाखवत असे. चार दिवसांनी तक्ता जागेवर नव्हता. गोजाबाईंनी तो गच्चीवर पापडांवर झाकण म्हणून घातला होता. तिचं म्हणणं असं की, एवढा मोठा पुठ्ठा घरात दुसरा नव्हता. कँडीवर त्या दिवसापासून तेलाचा डाग आहे.

मुक्कामाचं सगळ्यात अवघड गेलं. वाचनालयात एक जुनी डिरेक्टरी होती. तिच्यातून मी चार हॉटेलांना इंग्रजीत पत्रं लिहिली. एक पत्र परत आलं. एका हॉटेलनं कळवलं की रात्रीच्या भोजनास विशिष्ट पोशाख करून यावं लागेल. माझ्याकडे तपासणीच्या दिवशी घालायचा एकच काळा कोट आहे आणि त्याचाही गेल्या मार्चापासून मला राग आला होता. तिसऱ्यानं विचारलं की खोली स्नानगृहासह हवी की स्नानगृहाविना. हे पत्र मी ओसरीवर मोठ्यानं वाचलं, ही चूक झाली.

आमच्या दक्षिणेच्या शेजारीणबाई रंभाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले. "बिनआंगुळीचं बी ठिवून घेत्यात व्हय? आन् त्याला जेवाय बी घालत्यात?"

मग आण्णा, रंभाबाई आणि गोजाबाई यांनी एकमतानं ती तीनही हॉटेलं बाद केली. चौथ्याचं उत्तर येईपर्यंत मी बाजारातल्या एका मद्रासी व्यापाऱ्याकडून तीन साधी ठिकाणं मिळवली. कोलंबोत एक खाणावळ, कँडीत तळ्याकाठचं एक घर आणि गॉलमध्ये अगदी समुद्रावरची एक खोली. तिघांचीही होकाराची पत्रं आली. गॉलवाल्यानं लिहिलं होतं की खिडकी उघडली की समुद्र. ते पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं. इस्पितळातून सुया टोचून घेऊन प्रकृतीचा दाखलाही मिळवला, कारण त्याशिवाय बोटीवर घेत नाहीत असं कळलं होतं. बाळासोनं थेट कोलंबोपर्यंतचं तिकीट मागवून दिलं. सगळं जमलं होतं. राहिला होता फक्त मुहूर्त.

मी भूगोलाचा माणूस. मुहूर्तावर माझा विश्वास नाही; पण गोजाबाईंचा आहे, आणि डबा ती भरते. जोशीबुवांनी पंचांग पाहून सांगितलं की धनुर्मास चालू होतोय, आता संक्रांतीपर्यंत दक्षिणेच्या प्रवासाला दिवस नाही. त्यातल्या त्यात येत्या बुधवारची सकाळ चालेल. माझी सुटी रविवारपासून होती. शनिवारपर्यंत सहामाहीचे पेपर तपासायचे होते.

"मग प्रस्थान ठेवा," जोशीबुवा म्हणाले.

मुहूर्तावर स्वतः निघता येत नसेल तर आपल्या सामानातलं काहीतरी त्या वेळी घराबाहेर काढून, जायच्या दिशेला असलेल्या शेजाऱ्याकडे ठेवायचं, म्हणजे आपण निघालो असं धरतात, ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. ते पुन्हा घरात आणायचं नाही. आपण निघताना तिथून उचलायचं. लोक यासाठी एखादं उपरणं, सुपारी, हळकुंड असं ठेवतात. माझा स्वभाव अर्धवट काम करण्याचा नाही. आण्णाही म्हणाले, "उपरणं सिलोनला जाणार आहे की तुम्ही? ज्याच्यावाचून प्रवास होणार नाही ते ठेवा, म्हणजे आक्षेपाला जागा नको." मी सगळी ट्रंकच भरली. तीत कपडे, तिकीट, प्रकृतीचा दाखला आणि मुक्कामाची पत्रं एका डब्यात घालून ठेवली. कुलूप लावून किल्ली करगोट्याला बांधली. ट्रंक हरवू नये म्हणून झाकणावर पांढऱ्या रंगानं वळणदार अक्षरात कोलंबो, कँडी, गॉल, प्रत्येक ठिकाणचा पत्ता आणि तारखा लिहिल्या. बुधवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी ट्रंकेला हळदकुंकू वाहून ती रंभाबाईंच्या घरी नेऊन ठेवली. त्या दिवसापासून मी निघालेलो होतो आणि पेपर तपासत होतो.

शुक्रवारी शाळेतून आलो तर रंभाबाईंच्या दाराला कुलूप. त्यांची लेक दुधनीला दिली आहे. तिला दिवस भरण्याआधीच कळा लागल्याचा निरोप आला आणि त्या दुपारच्या गाडीनं गेल्या.

"ट्रंक?" मी विचारलं.

"घिऊन गेल्या की," गोजाबाई म्हणाली. "रिकाम्या घरात प्रस्थान ठिवू न्हाई म्हनल्या. आन् आपल्यात परत आनायचं न्हाई. दुधनी तुमच्या वाटंवरच हाय न्हवं?"

मी तक्त्याकडे पाहिलं. दुधनी वाटेवरच होती. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. इतक्या जबाबदारीनं कोणी माझं सामान स्वतःहून पुढे नेलं नव्हतं. मी रंभाबाईंच्या जावयाला तार केली की रविवारी माझ्या गाडीला ट्रंक घेऊन स्टेशनावर यावं.

शनिवारी शाळेनं मला निरोप दिला. हेडमास्तरांचं भाषण झालं. ते म्हणाले, मास्तर आज समुद्र ओलांडायला निघाले आहेत. मला हार घातला आणि मी उत्तरादाखल सिलोनच्या पर्जन्यमानावर पाऊण तास बोललो. टाळ्या फार पडल्या, विशेषतः शेवटी.

रविवारी दुधनीपर्यंतचं एक वेगळं तिकीट काढून मी गाडीत बसलो. हार गळ्यात ठेवला होता, कारण तो ठेवायला ट्रंक नव्हती. दुधनीला गाडी थांबली. रंभाबाईंचे जावई फलाटावर उभे होते. त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. ट्रंक नव्हती.

"मुलगा झाला," ते म्हणाले. "घ्या, तोंड गोड करा."

मी तोंड गोड केलं आणि म्हणालो, "ट्रंक?"

"आता सुयेर लागलं की घराला. सुयेराच्या घरात तुमचं प्रस्थान कसं ठेवायचं? मागं तर पाठवता येत न्हाई. लई इचार केला. आमच्या दुकानातला भिमा मिरचीची पोती घिऊन काल कोलंबोलाच निघाला हुता. त्येच्यासंगं पुढं दिली लावून. झाकनावर समदं लिवलेलंच हाय. भिमाला वाचता येतंय." ते जरा पुढे झाले. "काळजी करू नका. भिमा लई भरवशाचा हाय."

गाडीनं शिट्टी दिली. माझं तिकीट, माझा दाखला आणि माझी पत्रं एक दिवस पुढे होती. किल्ली माझ्या करगोट्याला होती. मी फलाटावर उभा राहिलो आणि गाडी माझ्यासमोरून कोलंबोच्या दिशेनं गेली. मला रडू आलं नाही. मी दुसरा पेढा घेतला.

मी जावयांना म्हणालो, मद्रासला तार करून भिमाला ट्रंक परत आणायला सांगा. त्यांनी कानांवर हात ठेवले. प्रस्थान परत बोलवायचं म्हणजे त्या माणसाच्या जिवाचं बरंवाईट व्हायचं, आणि त्यांच्या घरात नुकतं बाळ आलेलं. बऱ्याच घासाघिशीनंतर मधला मार्ग निघाला. तारेत 'ट्रंक सांभाळ' एवढंच लिहायचं ठरलं. भिमानं ती आज्ञा अक्षरशः पाळली.

संध्याकाळच्या गाडीनं मी सोलापूरला परत आलो. गोजाबाईंनी दार उघडलं, हाराकडे पाहिलं, काही विचारलं नाही आणि दुसरी भाकरी थापायला बसली. त्याबद्दल मी तिचा आजही ऋणी आहे.

सकाळी आण्णा आले. सगळी हकिकत ऐकून त्यांनी डोळे मिटले आणि निकाल दिला. "मास्तर, तुम्ही परत आलेले नाही. मुहूर्तावर प्रस्थान बाहेर पडलं, शाळेनं निरोप दिला, रजा मंजुरीच्या वाटेवर आहे. तुम्ही इथे दिसता हे खरं. पण कागदावर तुम्ही सिलोनात आहात."

गल्लीनं हा निकाल मान्य केला. गवळ्यानं पंधरा दिवस एका माणसाचं दूध कमी घातलं. मी बाजारात गेलो तर हेडमास्तर समोरून आले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मला सिलोनात मानलं आणि नमस्कार न करता निघून गेले. मी दाराआड बसून पापडांचा तक्ता पाहत असे आणि आज मी कुठे आहे ते तिथून कळत असे.

मग भिमाची कार्डं येऊ लागली. पहिलं कोलंबोचं. 'ट्रंक सुखरूप. बोट हलली पण ट्रंकेला काही झाले नाही. खोली ट्रंकेच्या नावाने राखलेली होती. खाटेवर ठेवली. मी बाहेर ओसरीत निजतो. भात गरम मिळतो.' दुसरं कँडीचं. 'तळे पाहिले. ट्रंक खिडकीपाशी ठेवली.' झाकणावरची एकही तारीख भिमानं चुकवली नव्हती. मिरची कोलंबोत उतरवून तो आपली रजा माझ्या ट्रंकेच्या सेवेत घालवत होता. मला त्याचा राग यायला हवा होता. पण मला हेवा वाटला, आणि तोही भिमाचा नव्हे, ट्रंकेचा.

मी गॉलच्या पत्त्यावर त्याला तार केली. एवढीच विनंती केली की येताना एक बाटलीभर समुद्र आणावा.

सुटी संपली. मी कागदावरही परत आलो. त्याच आठवड्यात पुण्याचा कागद उतरला. त्यात म्हटलं होतं की सिलोन परदेश आहे किंवा कसे हा प्रश्न विचाराधीन असून निर्णय होईपर्यंत अर्जदारानं कोठेही जाऊ नये. आण्णा म्हणाले, "पाहा, तुमच्याकडून आज्ञेचं उल्लंघन झालेलं नाही."

दुसऱ्या दिवशी शाळेत निरोप आला की भिमा घरी ट्रंक टाकून दुधनीला गेला. तास सुटताच मी धावत सुटलो. ट्रंक ओसरीवर होती. तिच्यावर तीन मुक्कामांची रंगीत कागद चिकटवलेले होते आणि तिच्याकडे पाहून ती मला ओळखत नसावी असं वाटलं. कोनाड्यात बाटली उभी होती. पाण्यानं भरलेली, बूच घट्ट लावलेलं.

मी हात पाय धुऊन बाटली उघडली. बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. अठरा वर्षं मी शिकवत होतो ते खरं निघालं होतं. मग मी वास घेतला. वासाला काहीतरी ओळखीचं होतं. पुन्हा घेतला. हिंग.

हे पुस्तकात कुठेच नव्हतं. पण मी विचार केला आणि मला त्यात शास्त्र दिसलं. सिलोन म्हणजे मसाल्याचं बेट. तिथल्या नद्या शतकानुशतकं तो मुलूख धुऊन समुद्रात नेतात. मी पाठाच्या टिपणात नवं वाक्य घातलं: 'सिलोनकडील समुद्रास हिंगाचा किंचित वास असतो.' वर्गात मी ते दोनदा सांगितलं आणि बाटली बाकाबाकावरून फिरवली.

मार्च आला. इन्स्पेक्टरसाहेब आले. मी काळा कोट घातला होता. फळ्यावर हिंदी महासागराची मोकळी जागा होती आणि टेबलावर बाटली होती. साहेबांनी मला काही विचारण्याआधीच मी म्हणालो, "साहेब, मी अजून समुद्र पाहिलेला नाही. माझी ट्रंक जाऊन आली. पण हा समुद्र आहे."

साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. बाटली हातात घेतली, उजेडात धरली, बोट बुडवून चाटलं, वास घेतला. मग मला दाराबाहेर नेऊन हळूच म्हणाले, "मास्तर, मी विजापूरकडचा. पुण्यात शिकलो, आणि पुण्याच्या पुढे जायचं राहूनच गेलं. गेल्या वर्षी विचारलं ते तपासणी म्हणून नव्हे. तुम्ही पाहिला असेल तर कसा असतो ते ऐकावं, म्हणून."

"पण तुम्ही वहीत लिहिलं होतं, साहेब."

त्यांनी आठवून पाहिलं. "शाळेतले पिण्याच्या पाण्याचे माठ उघडे होते. तेच लिहिलं असेल." जाताना त्यांनी एक लहान शिशी पुढे केली आणि अर्धा समुद्र मागून नेला. घरी दाखवायचा होता.

मी घरी आलो तो जमिनीपासून चार बोटं वरून चालत आलो. जेवताना गोजाबाईंना सगळं सांगितलं. साहेबांनी अर्धा समुद्र नेला, हेही सांगितलं. तिचा वाढता हात थांबला.

"नेला? साहेबानं?"

"हो. घरी दाखवायला."

ती पळी खाली ठेवून बसली. "आवो, बाटली आली तवा रिकामीच हुती. वाटंत बूच निघालेलं. पेंढा नुसता वला. तुमी शाळंतनं धापा टाकत येनार, आन् म्या रिकामी बाटली कशी दावू? म्हनून घातलं पानी आन् मीठ. चमचा हिंगाचा हुता, ते ध्येनात आलं न्हाई."

मी हातातला घास ताटात ठेवला. तिला वाटलं मी रागावलो. ती म्हणाली, "आन् मीठ किती घालायचं ते मला काय ठावं? मी तरी कुटं बघितलाय समुद्र? आमटीच्या अंदाजानं घातलं."

मी रागावलो नव्हतो. माझ्या डोळ्यांसमोर तो तेलकट तक्ता आला. सात रकाने होते. जेवणाला होता, गाडी बदलायला होता, संकीर्णालाही होता. तिला नव्हता. मुंबई असेल तर मलाही येता येईल, असं ती म्हणाली होती आणि मी तिला अपमानाची लांबी समजावून सांगितली होती. मला स्वतःची फार लाज वाटली.

वार्षिक परीक्षेचा भूगोलाचा पेपर इन्स्पेक्टरसाहेबांच्या कचेरीतून आला. पहिलाच प्रश्न होता, 'समुद्राचे वर्णन करा.' चाळीसच्या चाळीस मुलांनी हिंगाचा वास लिहिला. मी चाळिसांनाही पुरे गुण दिले. आमच्या शाळेचा असा निकाल पूर्वी लागलेला नाही, आणि हेडमास्तरांनी त्याचं श्रेय माझ्या सिलोनच्या प्रवासाला दिलं.

मे महिन्यात मी मुंबईची दोन तिकिटं काढली. मुहूर्त पाहिला नाही, अर्ज केला नाही, आण्णांना सांगितलं नाही, आणि सामान आमच्या हातातच ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं समुद्रासमोर उभे होतो. मी पाठ केलेलं एकही वाक्य मला आठवेना. तो फळ्यावरच्या मोकळ्या जागेत मावणारा नव्हता, एवढंच कळलं, आणि डोळे भरून आले.

गोजाबाई लुगडं घोट्यावर धरून पाण्यात चार पावलं गेली. वाकली, ओंजळ भरली, वास घेतला आणि जिभेला लावलं. मग स्वैपाकघरात करते तसा चेहरा करून तिनं क्षणभर विचार केला.

"हिंग न्हाई," ती म्हणाली. "आन् मीठ जास्त झालंय."